पट्टी चढली की मला संशय येतो

मासळी घेताना मी आधी कल्ला उघडून बघते, आतून लाल आहे की नाही ते. विकणारी ओळखीची असली तरी बघते. ती चिडते. "काय गो, माज्यावर भरवसा नाय?" म्हणते. मी म्हणते, "तुझ्यावर आहे, सुरमईवर नाही."

धंद्यानेही मला हीच सवय लावली. आमचा मंडप आणि साउंडचा धंदा. रेवदंड्याच्या अलीकडे रस्त्यालगत शेड आहे, तिच्यात पाइप, कापडं, खुर्च्या आणि स्पीकर भरलेले. नवरा टेम्पो चालवतो आणि मंडप उभा करून घेतो. साउंड माझ्याकडे. लग्न असो, पूजा असो, क्रिकेटच्या सामन्यांचं बक्षीस वाटप असो, मिक्सरच्या मागे खुर्ची टाकून बसलेली चष्मेवाली बाई दिसली तर ती मी. लोकांना वाटतं हिला गाण्याची आवड आहे. आवड वगैरे काही नाही. वायर गरम होतेय का, माईक शिट्टी मारतोय का, एवढंच बघायला मी बसते. पण वर्षानुवर्षं तिथे बसलं की कानाला आपोआप काही गोष्टी कळायला लागतात.

आमच्याकडे आधी बँजो पार्ट्या होत्या. आता ग्रुप झाले. एक कीबोर्ड, एक ड्रमचं पॅड, एक ढोलकी, दोन-तीन गाणारे आणि सगळ्यांचे एका रंगाचे शर्ट. यांची स्वतःची गाणी नसतात. जुनी कोळीगीतं, सिनेमातली गाणी, शेजारच्या गावातल्या ग्रुपने मागच्या सीझनला गाजवलेली गाणी, सगळं उचलायचं आणि आपलं म्हणून वाजवायचं. उचलण्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याच्या परड्यातला कढीपत्ता मीही आणते. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे.

प्रत्येक गाणं कुठल्या तरी पट्टीत असतं, म्हणजे आवाजाच्या ठराविक उंचीवर बसवलेलं असतं. हे ग्रुप काय करतात, दोन कडवी झाली की अख्खं गाणं एक पायरी वर चढवतात. पॅडवाला धडाधड वाजवतो, गाणारा हात वर करतो, लोक शिट्ट्या मारतात. पुढच्या कडव्याला परत एक पायरी. मग परत. हल्लीची मुलं याला स्केल चेंज म्हणतात. एखाद्या गाण्यात एकदा केलं तर मजा येते, मी नाही म्हणत नाही. पण मंगळागौरीच्या गाण्यापासून गणपतीच्या गाण्यापर्यंत, अंगाईलासुद्धा, हेच. शिळ्या मासळीवर पाणी मारतात ना, चमकायला, तसं. पट्टी चढली की मला वाटतं, आता यांच्याकडे सांगायला काही उरलं नाही.

माझी मुलगी ज्या ग्रुपमध्ये गायची त्याच्या कीबोर्डवाल्याला मी एकदा विचारलं होतं. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, आमचं व्हर्जन.

"यात तुमचं काय रे?" मी म्हटलं. "गाणं दुसऱ्याचं, चाल दुसऱ्याची, नाच पण तोच."

"काकी, नीट ऐका ना. मूळ गाण्यात एकदाच चेंज आहे. आपण तीनदा केलाय."

"म्हणजे तीन मजले चढवले म्हणून घर तुमचं?"

तो हसला. हसणं छान होतं, त्याचाही मला संशय आला. हा पोरगा कंपनीत कामाला, शिफ्ट सांभाळून वाजवायचा. सडपातळ, बोलायला गोड, आल्या आल्या केबल गुंडाळायला मदत करायचा. न सांगता मदत करणारी माणसं मी जरा लांबून बघते.

त्याच्या कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की बोटं त्याच जागी ठेवायची आणि आवाज आपोआप एक पायरी वर. त्याला नवीन काही शिकायला नको, बोटं हलवायला नकोत. चढायचं कोणाला? गाणाऱ्याला. माणसाच्या गळ्याला काही बटण नसतं.

आणि तिथे गाणारी माझी मुलगी होती.

ती अलिबागला मेडिकलच्या दुकानात काउंटरवर बसते आणि सीझनला संध्याकाळी गाते. लहानपणापासून तिचा आवाज गोड आहे असं सगळे म्हणायचे. मी आई म्हणून म्हणत नाही, मिक्सरवाली म्हणून सांगते. तिच्या आवाजाला इको लावावा लागायचा नाही. पण त्या हिवाळ्यात मला काहीतरी वेगळं ऐकू यायला लागलं. सकाळी उठली की तिचा आवाज घोगरा. विचारलं तर "सर्दी." मसाले कुटायला गिरणीत नेले त्या दिवसानंतर "मसाल्याचा ठसका." ज्येष्ठमधाची काडी सतत तोंडात. आणि आतल्या खोलीतून मला स्वयंपाकघरात हाक मारायच्या ऐवजी मोबाइलवर मेसेज. चहा झाला का? माझी पर्स बघितलीस का? घर केवढं आमचं! हाक मारली तर शेजारचं कुत्रं उठतं.

मी दोन आणि दोन चार केले. या मुलीचा आवाज जातोय, आणि तो हा कीबोर्डवाला घालवतोय. रोज तिला तीन-तीन पायऱ्या चढवतो, ओरडायला लावतो, आणि आपण बटण दाबून मोकळा.

नवऱ्याला सांगितलं. तो टेम्पोचं चाक बदलत होता.

"तुला कुठेही कल्ला उघडून बघायची सवय," तो म्हणाला. "चांगला पोरगा आहे तो."

"चांगला आहे म्हणूनच विचारतेय."

"मग तिलाच विचार."

"ती सर्दी म्हणते."

"मग सर्दी असेल."

असा नवरा असला की घरात एकाने तरी संशयी असावं लागतं.

माणगावला एका सत्यनारायणाच्या पूजेचा कार्यक्रम होता. मी कीबोर्डवाल्याला बाजूला घेतलं. सरळ सांगितलं, "आज एकदाच चढवायचं. कुठल्याही गाण्यात एकदाच. तिचा घसा बसलाय."

त्याने मान खाली घातली. "बघतो काकी."

"बघू नकोस. कर."

तो "हो" म्हणाला, आणि म्हणताना त्याने पलीकडे साडीच्या पिना लावत उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे पाहिलं. कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच गाण्यात, पहिलं कडवं संपायच्या आत, पट्टी वर. दुसऱ्या कडव्याला आणखी वर. मी मिक्सरच्या मागून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. तो माझ्याकडे बघतच नव्हता.

तिथेच मला आणखी एक गोष्ट दिसली. पुढच्या खुर्च्यांवर गावातल्या बाया बसल्या होत्या. ओळखीचं गाणं, त्या तोंडातल्या तोंडात म्हणत होत्या, काही टाळ्याही धरत होत्या. पट्टी चढली तशी एकेकीचं तोंड मिटलं. तिसऱ्यांदा चढली तेव्हा सगळ्या नुसत्या बघत होत्या. मग मी प्रत्येक कार्यक्रमात हेच बघायला लागले. प्रत्येक वेळी तसंच. शिट्ट्या वाढायच्या, गाणारे कमी व्हायचे.

तळा गावी क्रिकेटच्या फायनलनंतरचा कार्यक्रम होता, तेव्हा मला खूण सापडली. मुलगी गाता गाता डाव्या कानातल्या झुमक्याला हात लावायची. हात लावला की तो कीबोर्डवाला मान वर करायचा, जरासा हसायचा. एकदा झालं, मी म्हटलं योगायोग. पुढच्या गाण्यात परत. त्याच्या पुढच्यात परत. झुमका, मान, हसू.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असं आहे तर. गळा गेला तरी ही गप्प का बसते, मला हाका का मारत नाही, मोबाइलवर दिवसभर काय चालतं, सगळ्याचं उत्तर मिळालं असं मला वाटलं. घरी येताना टेम्पोत मी नवऱ्याला हळूच सांगितलं.

"बरं आहे की," तो म्हणाला. "केबल पण गुंडाळतो."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

माझ्या भाचीचं, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हळद माझ्या माहेरी, खाडीच्या बाजूच्या गावात. मंडप आमचा, साउंड आमचा, ग्रुप माझ्या मुलीचा. भावाने ग्रुप घरचा म्हणून आधीच सांगून ठेवला होता. मीही मोडता घातला नाही. म्हटलं, घरातल्या माणसांसमोरच या दोघांचा झुमका पकडू.

आमच्या लोकांत संध्याकाळच्या नाचगाण्याच्या आधी, उन्हं कलली की, बायका नवरीला पाटावर बसवून हळद लावतात. तेव्हा माईक नाही, ढोलकी नाही. बायका पाटाभोवती गोल बसतात. एकजण ओळ म्हणते, बाकीच्या ती मागून म्हणतात. गाणं लांबलचक. आधी गावदेवीला बोलवायचं, मग समुद्राला, मग घरातल्या एकेका माणसाला नावानिशी. पट्टी पहिल्या ओळीला जिथे लागली तिथेच राहते. एकेक माणूस वाढत जातं तसं गाणं वाढतं. आणि एक नियम आहे. शेवटच्या सवाशिणीने हळद लावेपर्यंत गाणं तुटता कामा नये. तुटलं तर नवरीच्या संसारात खंड पडतो असं मानतात. मी मानते की नाही ते सोडा. तिथे बसलेल्या सगळ्या मानतात, तेवढं पुरे.

हे गाणं धरणारी माझी आत्या. ऐंशीच्या पुढची, दात थोडे, मिजास भरपूर. गावातली कोणतीही हळद आपल्याशिवाय पिवळी होत नाही असं तिचं म्हणणं. पण त्या वर्षी तिला दम पुरत नव्हता. तिने आधीच जाहीर केलं होतं की सुरुवात ती करील आणि मग गाणं माझ्या मुलीच्या हातात देईल. नंतर कायमचं तिच्याकडेच.

"ही येवढी ष्टेजवर गाते," आत्या म्हणाली होती, "घरच्या हळदीला न गाऊन जाते कुठं?"

मुलगी तेव्हा नुसती हसली होती.

हळदीच्या दिवशी मंडपात सगळं चाललं होतं. एका कोपऱ्यात ग्रुपची मुलं स्पीकरच्या वायरी जोडत होती, कीबोर्ड अजून पिशवीत होता. मधे पाट, पाटावर भाची, भोवती बायकांचा गोल. मी मुलीच्या शेजारी बसले, कीबोर्डवाला दिसेल अशी.

भावाची बायको म्हणाली, "आत्या, माईक देऊ का एक? मागच्यांना ऐकू येत नाही."

"मागच्यांनी फुडं या," आत्या म्हणाली. "माईकवर हळद लावतात काय?"

आणि तिने सुरू केलं. खालच्या, जाडसर आवाजात, जणू कोणाशी बोलतेय. सगळ्यांनी ओळ उचलली. गावदेवी झाली, समुद्र झाला. पहिल्या सवाशिणीने हळद लावली. आत्याने माझ्या मुलीच्या मांडीवर थाप मारली. "घे आता."

मुलीने तोंड उघडलं. नुसता वारा आला.

तिने गिळलं, परत तोंड उघडलं. यावेळी काहीतरी फाटल्यासारखं, दार घासावं तसं आलं आणि बंद झालं. बायका मागून म्हणायला ओळीची वाट बघत होत्या. हळदीचा हात भाचीच्या गालाजवळ थांबला.

"काय गो," आत्या म्हणाली, "आवाज कुठं इसरलीस?"

आणि माझ्या मुलीचा हात वर गेला. सवयीने, न कळत, डाव्या कानातल्या झुमक्याला. तिने पलीकडे पाहिलं. कीबोर्डवाला वायर हातातून टाकून उठून उभा राहिला होता. पण उभा राहून काय करणार? कीबोर्ड पिशवीत होता. तो तसाच उभा, हात लोंबकळत, चेहरा पांढरा.

तेव्हा मला कळलं. झुमका त्याच्यासाठी नव्हता, बटणासाठी होता. पट्टी वर न्यायला तीच सांगत होती. हळू म्हणायला गेलं की तिचा आवाज लागत नव्हता, ओरडलं तरच लागत होता. म्हणून पहिलं कडवं संपायच्या आत वर, आणखी वर, जिथे सगळेच ओरडतात आणि ढोलकी धडाडते तिथे. मी दोन महिने चुकीच्या माशाचा कल्ला उघडून बघत होते.

पण हा विचार नंतर. त्या क्षणी गाणं तुटत होतं. आत्याने श्वास घेतला आणि तिला खोकला आला. पाटावर भाची रडायच्या बेतात.

मी धरली ओळ. मला गाता येत नाही. माझा आवाज म्हणजे टेम्पो रिव्हर्स घेताना वाजतो तसा, असं माझा नवराच म्हणतो. पण ते गाणं मला येतं, लहानपणापासून मागून म्हटलेलं. आत्या जिथे होती तिथेच खाली धरलं. वर जायचं नव्हतंच, त्यामुळे मला जमलं. मागून बायकांनी उचललं. मुलीचा हात माझ्या हातात होता. मी भावाला बोलवलं, वहिनीला बोलवलं, भाच्यांना बोलवलं, मेलेल्या आईबापांना बोलवलं. माझा नवरा मंडपाच्या दारात पाइप धरून तोंड उघडं टाकून उभा होता, त्यालाही बोलवलं. शेवटची सवाशीण माझी धाकटी बहीण होती. तिने हळद लावली आणि मी थांबले.

आत्या खोकता खोकता म्हणाली, "बेसूर, पण तुटलं नाय."

मग मी मुलीला जेवणाच्या शेडमागे नेलं. कीबोर्डवाला मागे मागे आला. मी म्हटलं, "तू जा." मुलीने मान हलवून त्याला थांबवलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून," ती कुजबुजली. "आधी सकाळचं व्हायचं. मग दिवसभर."

"डॉक्टर?"

"डॉक्टर म्हणाले गाऊ नका तर?"

"आणि तू?" मी त्याच्याकडे वळले. "तुला माहीत होतं. मी माणगावला तुला सांगितलं होतं."

"काकी, तिने शपथ घातली होती," तो म्हणाला. "मी खालीच ठेवायला बघत होतो. ती खूण करायची. नाही चढवलं तर ती तशीच ताणून म्हणायची, अजून वाईट. मला वाटलं चढवून लवकर संपवावं."

"वाटलं!" मी म्हटलं. "वाटण्यावर मंडप उभा राहत नाही."

त्याच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्या नाही आलं. मला फक्त राग येत होता, आणि तो नक्की कोणाचा ते ठरत नव्हतं.

मुलगी म्हणाली, संध्याकाळचा कार्यक्रम ती करणारच. घरचं लग्न आहे, लोक काय म्हणतील. वरच्या पट्टीत तर लागतो आवाज. मी वाद घातला नाही. मिक्सर माझा होता.

संध्याकाळी ग्रुप उभा राहिला. मुलगी माईक घेऊन मधोमध. मी तिच्या माईकचा आवाज शून्यावर ठेवला. ती गात होती, हात वर करत होती, झुमक्याला हात लावत होती. दुसरे दोघे गाणारे गात होते, पॅड धडाडत होता, आणि पट्टी चढत होती. भावाचे मित्र नाचत होते. कोणालाही काही कळलं नाही. एकानेही मागे वळून मला म्हटलं नाही की ताई, हिचा आवाज येत नाही. तिला मात्र तिसऱ्या गाण्यात कळलं. तिने पायाशी ठेवलेल्या, तिचा आवाज तिलाच ऐकवणाऱ्या स्पीकरकडे पाहिलं, मग लांबून माझ्याकडे. मी मान हलवली. ती गाण्याच्या मधेच खाली उतरली आणि येऊन माझ्या शेजारी खुर्चीत बसली. गाणं तसंच चालू राहिलं.

बऱ्याच वेळाने तिने मोबाइलवर लिहून मला दाखवलं. "मी नसले तरी काही फरक पडत नाही."

मी म्हटलं, "या गाण्यांना नाही पडत. दुपारी हळदीला पडला."

दुसऱ्या आठवड्यात आम्ही पनवेलला घशाच्या डॉक्टरकडे गेलो. बाईच होत्या, चटपटीत. नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि आम्हाला पडद्यावर दाखवलं. स्वरतंतूंवर समोरासमोर दोन बारीक गाठी.

"शिक्षिका आहात की गाता?" त्यांनी विचारलं.

"ही गाते," मी सांगितलं.

"हळू म्हटलं की आवाज निघत नाही आणि जोरात म्हटलं की निघतो, असं होतं?"

मुलीने मान हलवली.

"निघतो म्हणून वाटतं बरं आहे. पण ओरडून ओरडूनच गाठी वाढतात." ऑपरेशनचं आत्ता बघायला नको, म्हणाल्या. आधी काही आठवडे पूर्ण मौन, मग आवाजाचे व्यायाम, आणि स्पीकरशी स्पर्धा बंद. आवाज पहिल्यासारखा होईल का, असं मी विचारलं. "बराचसा," त्या म्हणाल्या. मला हा शब्द आवडला नाही. पण त्या खोटं बोलत नव्हत्या, म्हणून पुढच्या तपासण्यांनाही त्यांच्याकडेच गेलो.

मौनाच्या काळात तिला घरी बसून वेड लागलं असतं, म्हणून मी तिला कार्यक्रमांना बरोबर न्यायला लागले. मिक्सरच्या मागे दोन खुर्च्या. वेगवेगळे ग्रुप, तीच गाणी. पहिल्याच दिवशी मी तिला पुढच्या रांगेतल्या बायका दाखवल्या. "बघ, आता वर जाईल." पट्टी चढली, बायकांची तोंडं मिटली. तिने लिहिलं, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू ऐकलं असतंस?" तिने लिहिलं, "नाही."

पावसाळ्यात ती व्यायाम करायला लागली. हं हं करत, ओठ फुरफुरवत, घोड्यासारखं. आत्याकडे जाऊन बसायची. आत्या तिला खालच्या आवाजात नुसत्या नावांची ओळ म्हणायला लावायची आणि चुकलं की पाठीत धपाटा घालायची. कीबोर्डवाला शनिवारी यायचा, ओट्यावर बसायचा, कीबोर्ड न आणता. तो कशाला येतो हे मी विचारलं नाही. चहा दिला. कप परत येईपर्यंत लक्ष ठेवलं.

पुढच्या सीझनला ती परत उभी राहिली, रेवदंड्यालाच, एका ओळखीच्या घरच्या पूजेला. कार्यक्रमात एकच गाणं, दुसऱ्याचंच, सगळ्यांना येणारं. पट्टी तिची, खालची. आवाज पहिल्यासारखा नाही. वरच्या टोकाला थोडा राख लागल्यासारखा. पहिल्या कडव्याला एका जागी तो थरथरला, मी खुर्चीची कड घट्ट धरली, पण तो राहिला. दुसऱ्या कडव्याला पुढच्या बाया म्हणायला लागल्या. तिसऱ्यालाही म्हणत होत्या. ढोलकीवाल्याने हात हलका केला. सगळ्या मंडपाचा आवाज तिच्या आवाजाखाली धरल्यासारखा येत होता. तिने झुमके घातलेच नव्हते.

शेवटच्या कडव्याला मी पाहिलं, कीबोर्डवाल्याचा उजवा हात बाजूला सरकला, त्या बटणाच्या दिशेने. माझं बोट मिक्सरवर त्याच्या कीबोर्डचा आवाज बंद करायच्या खटक्यावर गेलं. त्याने मला पाहिलं. हात तसाच पुढे गेला, बाजूला ठेवलेला रुमाल उचलला आणि कपाळ पुसलं.

तो म्हणतो, घामच पुसायचा होता. असेलही. मी बोट तिथेच ठेवलं, गाणं संपेपर्यंत.